बर्म्याचा कोयता

हैदर मिस्त्री जुनं लोखंड डोळ्यांआधी अंगठ्याने बघायचा. मांजरसुंब्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर त्याचं गॅरेज. भंगारवाल्याची गाडी दारात थांबली की हातातलं काम टाकून तो ढिगापाशी उकिडवा बसे आणि गंजावरून अंगठा फिरवत राही. काही खोलगट लागलं की घासलेटचा बोळा घेई. बहुतेक वेळा खाली नुसता कारखान्याचा शिक्का निघायचा. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मात्र पाखराच्या पावलासारखा, तीन रेघांचा बाण निघे. तो बाण म्हणजे इंग्रजांच्या काळातला फौजेचा माल. मग नवा पाना देऊन तो जुना घरी न्यायचा.

हा नाद त्याला नगरला लागला. उमेदीच्या वयात तो तिथे एका उस्तादाकडे कामाला होता. लष्कराच्या निकाली मालातला एक पाना त्याच्या हाती आला, तो कुठल्याच नटाला बसेना. "पाना चांगला हाय. तू त्येला चुकीचे नट दाखवायलास," उस्ताद म्हणाला, आणि जुनी इंची मापं त्याने शिकवली. आता पस्तीस वर्षांनी हैदरच्या घरची एक भिंत भरली होती. काटेरी तार तोडायची लांब दांड्यांची कातर, घोड्याचा नाल काढायची पकड, घडीचं फावडं, जीपचे पाने. कशालाच त्याने कधी कानस लावली नाही, रंग दिला नाही. ही भिंत अंगावर पडली तर लोक आपल्याला लढाईत मेले म्हणतील, असं त्याची बायको आमिनाबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण दर शुक्रवारी त्या भिंतीवरची धूळ तीच झटकायची.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. ऊसतोडीला निघालेल्या एका टोळीचा ट्रॅक्टर सकाळीच गॅरेजसमोर थांबला. ट्रॉली जोडायचा आकडा तडकला होता. माणसं खाली उतरली, बायकांनी तीन दगडांची चूल मांडली. हैदर वेल्डिंगला बसणार, तेवढ्यात त्याचं लक्ष चुलीकडे गेलं. साठीची एक बाई बाभळीचं लाकूड फोडत होती. हत्यार मुठीकडे अरुंद, पुढे रुंद आणि जड. असा कोयता या भागातला कुठलाच लोहार घडवत नाही.

"आक्का, जरा बघू का?"

बाईने हात थांबवला. "काऊन? लाकूड फोडायचं हाय मला."

"मी फोडून देतो. पर आदी बघू द्या."

तिचं नाव केसरबाई, गाव उमापूर. कोयता तिच्या सासऱ्याचा, आसारामचा. तो जाऊन तीस वर्षं झाली होती. हैदरने मुठीवर गुंडाळलेली सायकलची ट्यूब हलकेच सोडवली आणि पात्याच्या मुळाशी घासलेटचा बोळा फिरवला. काळा मळ सुटला. आधी बाण दिसला, त्याच्या खाली १९४४.

"हे फौजेचं हत्यार हाय, आक्का. जंगलात वाट काढायला शिपायांना द्यायचे."

केसरबाई त्याच्यासमोर बसली. "म्हंजी मामा खरं बोलत व्हते?"

मग तिने सांगितलं. आपण बर्माच्या लढाईला गेलतो, असं आसाराम जन्मभर सांगायचा. कागद काही नव्हता, तो परतताना कुठल्याशा नदीत वाहून गेला म्हणे. गावाने त्याचं नाव बर्म्या पाडलं. पारावर मोहनराव म्हणून एकजण होता, तो तर म्हातारा दिसला की सलाम ठोकायचा आणि सगळे हसायचे. पुढं पुढं म्हाताऱ्याने बोलणंच टाकलं.

हैदरच्या ओठावर 'होय' आलं होतं. बाई डोळ्यांत जीव आणून बघत होती. पण लढाई संपल्यावर असा माल गोणपाटावर ढीग मांडून विकला गेला होता, हे त्याला ठाऊक होतं.

"हत्यार फौजेचं, साल खरं," तो सावकाश म्हणाला. "पर ते तुमच्या घरी कसं आलं, ते लोखंड सांगत न्हाई. बाजारातून घेतलेलं बी असू शकतं."

केसरबाईचा चेहरा उतरला. कोयता परत घ्यायला तिने हात पुढे केला. देता देता सवयीने हैदरचा अंगठा पात्याच्या दुसऱ्या बाजूवरून गेला आणि थबकला. ट्यूबखाली झाकलेल्या जागी बारीक टिंबं होती, खिळ्याने ठोकलेली, वाकडीतिकडी. त्याने बोळा फिरवला. टिंबांचे आकडे झाले. ४७१, तेही इंग्रजी.

केसरबाईचा मुलगा अंगद वाकून बघत होता. तो एकदम सरळ झाला. "आई, आपल्या तांब्यावर बी ह्येच हाय की!"

ट्रॉलीतल्या भांड्यांच्या पोत्यातून त्याने तांब्या उपसून काढला. बुडाशी तीच टिंबं, तोच वाकडा सात. म्हातारा खोऱ्याच्या दांड्यावर, घोंगडीच्या कोपऱ्यावरही हा आकडा घालायचा. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

हैदर आत जाऊन एक हातोडी घेऊन आला. तिच्यावरही असेच ठोकलेले तीन आकडे होते, वेगळे. "शिपायाच्या नंबराचे शेवटचे आकडे. आपली चीज दुसऱ्याने नेऊ नये म्हणून सगळ्या सामानावर ठोकायचे. बाजारात कोयता मिळतो, आक्का, ही सवय मिळत न्हाई. आता मी म्हणतो, म्हातारा खरं बोलत होता."

केसरबाईने पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "तुमीच ठिवा ह्यो. तुमाला कळतंय त्यातलं."

असं हत्यार हैदरने आजवर नुसतं चित्रात पाहिलं होतं. त्याने ते एकदा हातात तोललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "मालकाचं नाव लागलंय त्याच्यावर. तुमच्याच घरात राहू द्या. फक्त मुळाशी घासू नका." कागद ठेवून वरून पेन्सिल घासत त्याने बाणाचा आणि आकड्याचा ठसा घेतला, कबूल केल्याप्रमाणे लाकूड फोडून दिलं, आणि ट्रॉलीच्या तडकलेल्या आकड्याच्या वेल्डिंगला बसला.

चैत्रात टोळी परतली, तेव्हा अंगद त्याला आग्रहाने उमापूरला घेऊन गेला. पारावर माणसं जमली होती. हैदरने भंगारातल्या मालासारखंच, नीट, एकेक खूण दाखवत सांगितलं. मोहनराव आता ऐंशीच्या पुढचा, काठी टेकून बसलेला. त्याने कोयता मागून घेतला, चष्मा वर करून आकडे बघितले, त्यांवरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी शेजारच्याला दिला. कोयता हातोहात पाराला फेरी घालून केसरबाईकडे आला, तोवर चहा आला होता.