गुड्डीचा दाणा कुठे गेला?

चहाचा घोट आधी गिळून घ्या. ऐकताना तो नाकात गेला तर मला बोलायचं नाही. नाकाच्या बाबतीत माझी आधीच पुरेशी शोभा झालेली आहे!

मी धुळ्याचा. सासुरवाडी जळगावजवळ असोद्याला. आता हिवाळ्यात जावई असोद्याला गेला म्हणजे भरीत आलंच. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर वांगी आणि भोवती बठ्ठं, म्हणजे सगळंच, गणगोत. मी तेव्हा नवाकोरा जावई. छाप पाडायची हौस! म्हटलं, "मिरच्या मी ठेचतो."

सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या जवाईबापू, हाताची आग व्हईन."

"अहो, धुळ्याचा माणूस आहे मी. मिरची काय नवीन आहे का आम्हाला?"

ठेचल्या. हात धुतले का? नाही. एवढं फक्त लक्षात ठेवा.

शेजारी गुड्डी बसली होती. माझ्या मेव्हण्याची मुलगी, चार वर्षांची, आत्याचा नवरा म्हणून मला फुवा म्हणते. तिच्यापुढे भरितात घालायच्या शेंगदाण्यांचं ताट. ही पोर म्हणजे अवघड प्रकरण! मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात तांदूळ, आजोबांच्या बुटात सरकी, मोटारसायकलच्या कुलपात उदबत्तीची काडी. भोक दिसलं की त्यात काहीतरी गेलंच पाहिजे. पोळ्याचा एक मातीचा बैल मात्र कायम मुठीत.

ती सहज म्हणाली, "फुवा, दाना नाकात गेला."

मी दचकून वळलो. "कसा गेला? दुखतंय का?"

तिने मूठ घट्ट केली.

"घाबरू नको बेटा. कसा घातलास तेवढं दाखव. असा का?" तिला समजावं म्हणून मी ताटातला एक दाणा उचलला आणि स्वतःच्या नाकपुडीला लावला.

"अजून आत," गुड्डी म्हणाली.

आणि मी नेला की हो अजून आत! चांगला शिकलेला माणूस मी, चार वर्षांच्या पोरीचं ऐकायला कुणी सांगितलं होतं?

मग बोटाची मिरची लागली. अशी आग, अशी आग! मी जोरात श्वास ओढला आणि दाणा सरळ वर. डोळ्यांना धारा लागल्या. तोंडातून एवढंच निघालं, "गुड्डी… नाक… दाणा!"

सासूबाई ओरडल्या, "व माय व! पोरीनं नाकात दाना घातला!"

झालं! मेव्हण्याने मोटारसायकल काढली, मध्ये गुड्डी, मागे मी, आणि सुटलो जळगावला. माझ्याही नाकात आहे, हे सांगायचं कसं? इकडे पोरीचा जीव टांगणीला आणि जावई म्हणतो माझ्याही एक अडकलाय? खरं तर मीही तिच्याच काळजीने अर्धा झालो होतो. दाणा श्वासनळीत उतरला तर? तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना, तेवढंच बघत होतो. हुंदक्यासारखे आवाज येत होते ते माझ्या नाकाचे.

गावाबाहेर पडताना एका आजोबांनी विचारलं, "काय झालं रे भाऊ?" मेव्हण्याने धावत्या गाडीवरून सांगितलं. मागून आवाज आला, "जवाई पहा कसा रडू राह्यला! किती माया!"

मेव्हणा मान वळवून म्हणाला, "दाजी, तुम्हीच असे रडले तर मी कोनाकडे पाहू?"

मी नाक ओढलं. दाणा अजून वर गेला.

जळगावात डॉक्टरांनी गुड्डीच्या दोन्ही नाकपुड्यांत बॅटरी मारून पाहिलं, कान पाहिले, घसा पाहिला. म्हणाले, "काही नाही हो. एकदम साफ आहे."

देवा रे! मी हात जोडले. मेव्हण्याने गुड्डीला जवळ ओढलं. "अगं बाई, मग दाना गेला कोनाच्या नाकात?"

गुड्डीने मूठ उघडली. मातीच्या बैलाच्या नाकपुडीत दाणा गच्च बसला होता. "त्याले भूक लागली व्हती. तोंड उघडतच नाही तो."

सगळे हसले. मीही इतका मोकळा हसायला गेलो की नाकातून शिट्टी वाजली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मेव्हण्याने पाहिलं. गुड्डी शांतपणे म्हणाली, "दुसरा फुवाच्या नाकात हाये. मले कोनी इचारलंच नाही."

पुढच्या मिनिटाला टेबलावर मी! डॉक्टरांनी बारीक आकड्याने दाणा काढला आणि मी पहिला श्वास घेतला. पोर धडधाकट, नाक मोकळं, याहून सुख काय असतं? न रडणाऱ्या मुलांना ते चॉकलेट देत. गुड्डीला मिळालं. त्यांनी हसत माझ्यापुढेही एक धरलं.

"फुवाले नका देऊ," गुड्डी म्हणाली, "तो रस्ताभर रडला."

परवा पुन्हा असोद्याला भरीत होतं. मी बसलो तसं सासूबाईंनी शेंगदाण्यांचं ताट उचललं आणि पार पलीकडे नेऊन ठेवलं.

मी म्हटलं, "अहो, गुड्डी तर मामाच्या गावाला गेली आहे ना?"

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या आणि ताटावर झाकण ठेवलं.