कानाने लावलेले इंजिन

आईने मला दसऱ्याला कुवेतला बोलावले, तेव्हा फोनवर तिने कारण सांगितले नाही, लक्षणे सांगितली. कुकर लावून ती अंघोळीला गेली होती, बाबा शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि डाळ करपली. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. दारावरची बेल वाजली तरी ते उठत नाहीत.

"विचारलं की म्हणतात, तूच हळू बोलतेस," आई म्हणाली. "तू ये आणि बघ. तुझं ते आवाजाचंच शिक्षण ना?"

माझे संशोधन यंत्रांच्या कंपनांवर आणि आवाजावर चालले होते, बंगळुरूला. माणसाचा कान हा माझा विषय नव्हता. पण गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान कोणत्या क्रमाने जातात, एवढे मला माहीत होते. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, खर्जातले राहतात. त्यामुळे आपल्याला ऐकू येते असेच त्या माणसाला वाटत राहते.

बाबा तेलशुद्धीकरण कारखान्यात कॉम्प्रेसरवर इंजिनिअर होते. नाशिकहून आले ते कुवेतमधल्या फहाहीलला, आणि तिथेच राहिले. इअरमफ घालण्याचा नियम होता आणि ते घालत नसत; कान झाकले तर यंत्र काय म्हणते ते कळणार कसे, हा त्यांचा युक्तिवाद. बेअरिंग बिघडायच्या आधी त्यांना कळते, अशी त्यांची ख्याती होती. डिग्री भिंतीवर आहे, नोकरी कानांवर चालते, असे ते म्हणत. त्या वर्षी कंपनीची श्रवणतपासणी ते काही ना काही कारणाने पुढे ढकलत होते. तपासणीत कान गेलेले निघाले असते, तर यंत्रांपासून उचलून त्यांना टेबलावर बसवले असते. आईला काळजी डाळीची नव्हती. ते जाणूनबुजून लपवत आहेत की त्यांना खरेच कळलेले नाही, हे तिला जाणून घ्यायचे होते.

ते मला गाडीच्या निमित्ताने कळणार होते.

गाडी अमेरिकन होती, सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरांच्या इंजिनाची. अशा गाड्यांचे कुवेतींना वेड. इराकच्या आक्रमणानंतर आम्ही कुवेतला परतलो, तेव्हा बाबांच्या एका कुवेती सहकाऱ्याच्या अंगणात ती काचा फुटलेल्या, वाळूने भरलेल्या अवस्थेत उभी होती. त्याला ती डोळ्यांसमोर नको होती. बाबांनी ती मागून घेतली. नव्वदच्या दशकातले आमचे शुक्रवार त्या गाडीत गेले. इतर मराठी कुटुंबे समुद्रावर जात. आम्ही शुवेखच्या गॅरेजांच्या गल्ल्यांमधून जुने सुटे भाग शोधत फिरत असू. "सवत परवडली असती," आई म्हणे, "तिला निदान ऑइल लागलं नसतं."

कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचे नाक आणि तोंड एकत्र: हवा आणि पेट्रोल त्यातून मिसळून आत जाते. ते प्रमाण साधण्यासाठी दोन बारीक स्क्रू असतात. स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी होते आणि इंजिन अडखळते; बाहेर फिरवत आणला की आवाज भरत जातो, एका जागी गोल होतो, आणि त्यापुढे जड पडतो. ती गोल जागा पकडायची. बाबा ती डोळे मिटून पकडत.

मी शाळेत असताना त्यांनी मला रबराच्या नळीने ऐकायला शिकवले. नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या बुडाशी फिरवत न्यायचे. तिथे कुठे फट असेल, तर इंजिन चोरून हवा ओढते आणि सगळे गणित चुकते.

"काय ऐकायचं पण, बाबा?"

"कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कशी फुसफुस होते? ती. ती आली की स्क्रूला हात लावायचा नाही. आधी फट बुजवायची."

मी पुढे जे काही शिकले, त्याची सुरुवात या नळीत आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे सांगितले होते आणि समोरचे प्राध्यापक हसले होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पोचले. बाबांनी कार्बोरेटर उतरवून, सुटा करून, पेट्रोलने धुऊन पुन्हा जोडला होता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे पुजतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. म्हणून इंजिनावर बसवायचे काम दसऱ्यावर ठेवले होते. पाटावर नट आवळायचे पाने, स्क्रूड्रायव्हर, आईची विळी, माझा कॅल्क्युलेटर आणि मधोमध बुडाला फट बुजवणारे नवे गास्केट लावलेला, आडवा ठेवलेला कार्बोरेटर, एखाद्या देवासारखा. कुवेतला तेव्हा झेंडू सहज मिळत नसे, म्हणून फुलांची उणीवही अक्षतांनीच भरून काढली. आईने पाण्यात कालवलेले हळदकुंकू सढळ हाताने लावले आणि कुंकवात भिजवलेले तांदूळ टाकले.

दसरा त्या वर्षी रमजानमधल्या शुक्रवारी आला. सकाळी रस्ता सामसूम होता. इमारतीसमोरच्या, पत्र्याचे छत असलेल्या पार्किंगमध्ये आम्ही दोघेच होतो. बाबांनी कार्बोरेटर उचलला, तेव्हा त्याला कुंकू तसेच होते.

"पुसून घेऊ या ना, बाबा."

"दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसतात का? एवढं शिकलीस ती हेच?" त्यांनी दोन फुंकरा मारल्या आणि तो इंजिनावर बसवला.

मी त्यांच्यासाठी व्हॅक्यूम मोजायचा गेज आणला होता. त्यांनी तो हातात उलटापालटा केला. "छान आहे. ज्याला कान नाहीत त्याला उपयोगी." तो त्यांनी बॉनेटखाली एका कडेला जोडू दिला, माझ्या समाधानासाठी.

इंजिन सुरू झाले. खर्जातला तो ओळखीचा गडगडाट पार्किंगच्या छताला लागून परत आला आणि बाबांचा चेहरा उजळला. ते तापायची वाट बघत आम्ही उभे राहिलो. त्याच वेळी मला ऐकू आले: गडगडाटाच्या वर, बारीक, सलग, कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची फुसफुस.

मी बाबांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते आणि स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूला लावला होता.

फुसफुस ऐकू आली की स्क्रूला हात लावायचा नाही, हा नियम त्यांचा होता. त्यांनी स्क्रू आत घेतला, बाहेर आणला. दुसरा घेतला. इंजिन पळत होते, मध्येच दचकत होते, गेजचा काटा खाली थरथरत होता. "पेट्रोल खराब आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "हवा गरम आहे." ऑक्टोबरमध्ये कुवेतची हवा गरमच असते, ती त्यांना नवी नव्हती. कपाळावर घाम आला होता आणि रमजानमुळे बाहेर पाणीही पिता येत नव्हते. ते पुन्हा पहिल्या स्क्रूकडे वळले. मनगट तसेच हलके होते. ज्या आवाजाच्या आधारावर ते फिरत आले होते, तो मात्र आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

प्रयोगात निष्कर्ष मिळाला की बरे वाटते. त्या दिवशी मला निष्कर्ष मिळाला आणि तो कुठे ठेवावा, ते कळेना.

"बाबा, नळी कुठे आहे?"

"डिकीत. कशाला?"

मी नळी आणली. एक टोक त्यांच्या कानाशी धरले आणि दुसरे बुडाशी, मागच्या कोपऱ्यात, फुसफुस सगळ्यात स्पष्ट होती तिथे ठेवले. त्यांनी नेहमीप्रमाणे मान किंचित कलती केली. ते ऐकत राहिले. मी नळी जागेवरून हलवली नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावर जे होते, ते त्यांनी वाचले.

"आहे?" त्यांनी विचारले.

"आहे."

"मोठी?"

"हो, बाबा. मला नळीशिवाय ऐकू येतेय."

त्यांनी गाडीच्या खिडकीतून हात आत घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले. बराच वेळ ते फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"तुझ्या आईचा आवाज येतो," ते शेवटी म्हणाले. "म्हणून मला वाटलं, सगळं येत असेल."

मी हसले. त्यांना हसवायचे होते म्हणून त्यांनी ते म्हटले होते, आणि हसले नसते तर त्यांना वाईट वाटले असते.

कार्बोरेटर पुन्हा उतरवला. गास्केटच्या खालच्या अंगाला, कुंकवाने चिकटून, तांदळाचा एक दाणा होता. दाबाने चपटा, कडेला चुरलेला, लाल. एवढ्याशा दाण्याने गास्केट तिथे उचलले गेले होते. बाबांनी तो नखाने काढून तळहातावर घेतला.

"अक्षता पडल्या की मंगल होतं म्हणे," ते म्हणाले, आणि तो फेकून न देता खिशात टाकला.

मग गास्केट आणि इंजिनाची बैठक त्यांनी स्वतःच पुसली, कुंकवासकट. त्यांनी मान वर न करता विचारले, "जुलैत नाशिकला गेलो होतो. मी तुला फोनवर सांगितलं होतं ना, रातकिडे संपले म्हणून? औषधं फवारून मारले, म्हटलं."

"हो. सांगितलं होतंत."

"म्हणजे होते."

मी त्या जुलैत नाशिकला नव्हते. नाही माहीत, असे म्हणता आले असते. पण पाऊस उघडल्यावर आमच्या घरामागच्या शेतात रातकिडे किती कर्कश ओरडतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"होते, बाबा."

त्यांनी मान डोलावली. एखाद्या मीटरवरचा आकडा अपेक्षेप्रमाणे आला की ते कारखान्यात जशी डोलावत असतील, तशी.

दुसऱ्यांदा इंजिन सुरू केले, तेव्हा फुसफुस गेली होती. "गेली?" त्यांनी विचारले, मी "गेली" म्हटले, आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. गेजचा काटा समोर होता, तो मला पुरेसा होता; त्यांनी गेजकडे पाहिलेही नाही. शेवटी स्क्रू त्यांनीच फिरवले आणि मी बोलत राहिले. अजून. अजून थोडा. भरतोय. आता गोल. थांबा, जड झाला, मागे घ्या. लहानपणी मी जे शब्द त्यांच्याकडून घेतले होते, ते एकेक करून परत देत होते. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

इंजिन सुरात लागले. इतके सुंदर ते मी तरी कधी ऐकले नव्हते, आणि हे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते मला कसे आहे म्हणून विचारतील आणि मला वर्णन करावे लागेल, याची भीती वाटली.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. आई वाकून काहीतरी म्हणाली. इतक्या उंचीवर तिचे ओठ दिसत नव्हते. एरवी बाबांनी अंदाजाने "हो, हो" म्हणून हात हलवला असता. गेले कित्येक महिने ते असेच निभावत आले असणार. त्या दिवशी त्यांनी हात हलवला नाही. चालू इंजिनावर तळहात टेकवून ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणाली?"

"वर या, चहा टाकलाय."

"सांग तिला, येतो म्हणावं." मग म्हणाले, "आणि सांग, शनिवारी कंपनीच्या दवाखान्यात जायचंय. तूच सांग. मला तिचं उत्तर इथून यायचं नाही."

मी मान वर करून दोन्ही निरोप सांगितले. आई खिडकीतच उभी राहिली. ती काही बोलली नाही, हे मला बाबांना सांगावे लागले.