डोंगरे मावशींचा रविवारचा वर्ग

आम्ही तिघं भेटलो की चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "यार, मौसी का वो वाला किस्सा…" आणि मग चहा गार होतो. आता आम्ही तिघंही मेडिकलला आहोत, तिघांची कॉलेजं वेगळी आहेत. सुट्टीत लखनौला आलो की एक जुना किस्सा निघतो, त्याच्यामागे दुसरा, आणि घरून फोन येईपर्यंत कुणी उठत नाही.

डोंगरे मावशी रिटायर्ड सर्जन. मूळच्या नागपूरच्या. नवरा इथल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, म्हणून त्या लखनौला आल्या आणि सरकारी दवाखान्यात नोकरी करून इथल्याच झाल्या. विकास नगरमध्ये आमच्या शेजारी राहतात. माझे बाबा अमरावतीकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. मी नीटची तयारी करतेय कळल्यावर मावशी म्हणाल्या, "कोचिंगमध्ये प्रश्न सोडव. रविवारी सकाळी माझ्याकडे ये. डॉक्टर काय करतो ते बघ." मी कोचिंगमधल्या दोघांना ओढून नेलं. फैजान जुन्या शहरातल्या चौक भागातला, त्याच्या घरी लखनवी चिकनचं भरतकाम चालतं. शिवानी शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावची, घरी शेती आणि म्हशी.

पहिल्या रविवारी मावशींनी विचारलं, "डॉक्टर क्यों बनना है?" आम्ही तिघांनीही 'सेवा' असं उत्तर दिलं.

"अच्छा. तो पहले हाथ धोना सीखो."

त्यांनी आमचे डोळे रुमालानं बांधले, तळहातावर निळा रंग ओतला आणि साबण समजून हात चोळायला सांगितलं. आम्ही अगदी मन लावून चोळले. रुमाल सोडला, तर माझे दोन्ही अंगठे कोरे, फैजानची नखं कोरी, शिवानीच्या बोटांच्या बेचक्या कोऱ्या.

मावशी माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथं रंग नाही ना? तुझ्या पेशंटला ताप इथून येणार."

त्या दिवशी दुसरं काहीच शिकवलं नाही. निळे हात घेऊन घरी गेले, तर आई म्हणाली, "बाप्पा, डॉक्टर व्हायला गेलती का होळी खेळायला?"

टाके घालायला आम्ही केळ्याच्या सालीवर शिकलो. फैजान खुशीत होता. लहानपणापासून अम्मीच्या शेजारी बसून त्यानं सुई धरलेली. त्यानं इतके सुबक टाके घातले की आम्ही दोघी आपापली केळी लपवायला लागलो.

मावशींनी साल उजेडात धरली आणि कात्रीनं सगळे टाके कापून टाकले.

"मौसी, इसमें क्या खराबी थी?" फैजानचा चेहरा उतरला होता.

"सुंदर था. पर कस के खींचा है. कल यहाँ सूजन आएगी, तब ये धागा चमड़ी को काट देगा. कपड़ा सूजता नहीं, बेटा. आदमी सूजता है."

फैजान पुढचे कित्येक रविवार केळ्यावरच होता. आता कॉलेजात टाक्यांची स्पर्धा त्यानं जिंकली. परीक्षकांनी विचारलं, कुठे शिकलास? तो म्हणाला, "केले पे, सर."

एका रविवारी शिवानी उशिरा आली. केसांत भुश्याच्या काड्या, ओढणीला चिखल. मावशींना उशीर खपत नाही. शिवानी दारातच म्हणाली, "मौसी, भैंस ब्याने वाली थी. बच्चा अटक गया था."

घडलं होतं ते असं. जनावरांचे डॉक्टर आले. रेडकाचा एक पाय आत मागे दुमडलेला. डॉक्टरांचा हात जाड, आत पोचेना. म्हणाले, "कोई पतले हाथ वाला है?" घरात सगळे पैलवानी अंगाचे काका. शिवानी पुढे झाली. मोठे काका म्हणाले, "ये लड़की क्या करेगी?" हेच काका तिच्या कोचिंगच्या विरोधात होते. इतक्या लांब पोरगी एकटी पाठवायची नाही, म्हणायचे.

डॉक्टर सांगत गेले, शिवानी हातानं चाचपत गेली. खूर सापडला. तो तळहातात झाकून तिनं हळूच पाय सरळ केला. मग सगळ्यांनी मिळून ओढलं. रेडकू आणि म्हैस, दोघंही वाचली.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं. "सबसे पहले क्या किया?"

"हाथ धोए," शिवानी म्हणाली. "अंगूठे भी."

मावशींनी तिला जवळ घेतलं, चिखलासकट. आणि पुढच्या रविवारपासून शिवानीला मोटारसायकलवर सोडायला मोठे काका यायला लागले. वर्ग संपेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहायचे.

पहिल्या प्रयत्नात माझा नंबर लागला नाही. त्या दोघांचा लागला. मी खोलीबाहेर येईना. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पोट्टीला बीएस्सी करू द्या, वय निघून जाईल. बाबा नुसतं 'हो, हो' म्हणत होते.

मावशी आल्या. माझ्याशी बोलल्याच नाहीत. बाबांच्या समोर बसून म्हणाल्या, "मी एमएसला एकदा नापास झाले होते. हे माझ्या एकाही पेशंटनं मला कधी विचारलं नाही."

बाबांनी पुढचा फोन उचलला आणि म्हणाले, "पोट्टी अजून एकदा बसणार हाये. ठेवतो."

पुढच्या वर्षी निकाल लागला तेव्हा बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. पुडा पुढे करायचंही विसरले. मावशींनीच पुडा घेतला. "कळलं मला. तिला झोपू द्या आता. पुढं बरीच वर्षं मिळायची नाही."

मी कॉलेजला निघाले त्याआधी आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. पाटवड्यांचा रस्सा होता. फैजाननं विचारलं, "मौसी, आपके ज़माने में लड़कियाँ सर्जरी लेती थीं?"

"मी एकटीच होते," मावशी म्हणाल्या. आणि मग त्यांनी हे सांगितलं.

मावशी बुटक्या. नागपूरला शिकताना त्यांचे सर उंचेपुरे, आणि ऑपरेशनचं टेबल सरांच्या उंचीला लावलेलं. मावशींना पेशंटचं पोट नीट दिसेना. त्यांनी विचारलं, टेबल थोडं खाली घेता येईल का? सर म्हणाले, "टेबल सर्जनच्या उंचीला असतं. तुम्ही स्त्रीरोग विभागात जा."

मावशींनी सुताराकडून एक लाकडी चौरंग करून घेतला आणि रोज त्यावर उभ्या राहिल्या. लोक हसायचे. त्या शिकत राहिल्या.

बऱ्याच वर्षांनी, इथं लखनौला, एका दुपारी इमर्जन्सीत एक म्हातारे गृहस्थ आले. मुलाकडे राहायला आलेले, हर्निया अडकलेला, लगेच ऑपरेशन हवं होतं. ड्युटीवर मावशी होत्या. त्यांनी चेहरा ओळखला, नागपूरचे तेच सर. सरांनीही मावशींना ओळखलं.

कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे पेशंट जागे होते. मावशी हात धुऊन, ग्लोव्हज घालून टेबलापाशी आल्या. सिस्टर रोजच्या सवयीनं त्यांचा तोच नागपूरचा चौरंग पायानं पुढे सरकवत होती.

सरांनी मान वळवली आणि म्हणाले, "सिस्टर, वो रहने दीजिए. टेबल नीचे कीजिए."