देशमुखकाकांचे उरलेले अकरा मैल

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गच्या हायकिंग ग्रुपचे किस्से मी लिहून ठेवत नाही. एक लिहून होईपर्यंत देशमुखकाका दुसरा घडवतात! दर सप्टेंबरला लेक सुपीरियरच्या काठाने जाणाऱ्या लांबलचक ट्रेलचा एकेक तुकडा आम्ही चालतो. नागपूरचे काका सत्तरीचे, पण कायम सगळ्यांच्या पुढे.

पहिल्याच वर्षी काकांनी घरच्या सवयीने बूट तंबूबाहेर काढून ठेवले. सकाळी बघतो तर घामाच्या मिठासाठी साळिंदराने ते पार कुरतडलेले. काका नऊ मैल स्लिपरवर चालले. वर मलाच ऐकवलं, "अगं, बूट घालून कुणी आत शिरतं का?"

अस्वलांच्या भीतीने खाणं घट्ट झाकणाच्या खास डब्यात ठेवावं लागतं. काकांचा ठेचा, आमच्या पोळ्या, सगळं आत गेलं आणि सकाळी झाकण कुणालाच उघडेना. चार इंजिनिअर्स होतो, यार! उपाशीच निघालो.

ओढ्यात पाय घालण्याआधी काका त्याचं पाणी डोळ्यांना लावतात. एका अमेरिकन आजोबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, आधी परवानगी घ्यायची. पुढे तीन दिवस ते आजोबा प्रत्येक ओढ्यापाशी वाकत होते. आम्ही हसलो खरे, पण मला फार बरं वाटलं.

या वर्षी शेवटचे अकरा मैल उरले होते. काकांचा गुडघा पार गेलेला, हिवाळ्यात ऑपरेशन, आणि त्यानंतर असलं चालणं कायमचं बंद. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. त्यांची मुलगी मृणाल म्हणाली, "बाबा, नो. ॲब्सोल्यूटली नॉट." काका हट्टाला पेटले. शेवटी काकू, ज्या कधीच आल्या नव्हत्या, काकांवर लक्ष ठेवायला सोबत निघाल्या.

दीड मैल उरला आणि काका दगडावर बसले. म्हणाले, बास झालं, आता पुढे नाही होत. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

काकूंनी काकांची सॅक काढून माझ्याकडे दिली. "मी इतक्या लांब पुन्हा यायची नाही," त्या म्हणाल्या. "उठा. माझ्या खांद्यावर हात ठेवा."

चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांना चारचौघांत शेजारी बसलेलंही कुणी पाहिलं नसेल. त्या दीड मैलाला दोन तास लागले.

ट्रेल संपल्याच्या पाटीपाशी मी फोटोसाठी फोन काढला. काकांनी घाईघाईने काकूंच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

काकू कॅमेऱ्याकडे बघतच म्हणाल्या, "असू द्या."