सकाळच्या शिफ्टमधली हाडं

डायलिसिसच्या पलंगावर आठवड्यातून तीनदा, चार-चार तास पडून राहिलं की माणसाकडे दुसरं काही साचो न साचो, किस्से साचतात. मशीन रक्त धुऊन परत करतं; ऐकलेलं कोण धुणार?

मी रेल्वेतला रिटायर्ड गार्ड. झाशीत सिविल लाइन्समधल्या एका लहानशा हॉस्पिटलात सकाळच्या शिफ्टला आमचे तीन पलंग शेजारी-शेजारी. मी, कमलमावशी आणि टहरौली गावचे मास्टरजी. किडनीच्या मागोमाग हाडंही ठिसूळ होतात, हे तिथंच कळलं. म्हणून तर आमच्याकडून व्यायाम करून घ्यायला नेहा नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली.

*

मास्टरजींचा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी नेहानं त्यांच्या घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची थैली बांधली.

मास्टरजी हसले. "बिटिया, हमने आधी टहरौली को दौड़ाया है!"

पाय चार बोटं उचलला गेला आणि धप्पकन खाली आला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. मग मास्टरजी हळूच म्हणाले, "बिटिया, रेत निकाल दो. थैली बँधी रहने दो."

*

माझाही शहाणपणा ऐका. अन्नातलं फॉस्फरस रक्तात जाण्याआधी अडवायची एक गोळी असते. ती घासाबरोबर घ्यायची. मी सहा महिने ती दुपारची झोप काढून, चहाच्या आधी घेत होतो! रिपोर्ट बघून डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

"गार्ड साब, ये गोली टीटी है. गाड़ी छूट गई, अब किसका टिकट देखेगी?"

तेव्हापासून बायको ताटात मिठाच्या जागी गोळी वाढते. मीठ तसंही बंदच आहे!

*

कमलमावशी जुन्या झाशीकर मराठी घरातल्या. घरात सगळे हिंदीत बोलायला लागले, म्हणून मराठी ऐकायला मिळावं एवढ्यासाठी त्यांनी माझ्या शेजारचा पलंग मागून घेतला. मी त्यांना लाइनवरच्या गमती सांगायचो. एकदा त्या इतक्या हसल्या, की हसता हसता एकदम कळवळल्या. एक्स-रे काढला. बरगडी मोडलेली!

डॉक्टरांनी विचारलं, "गिरी थीं क्या?"

"नहीं जी. हँसी थी."

मला तोंड दाखवायची लाज वाटली. पुढचे दोन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. शेवटी मावशीच कडाडल्या, "अहो, बोला की! एक गेली तर गेली. तेवीस आहेत अजून!"

*

पलंगाच्या पायथ्याशी नेहानं सायकलची पेडलं बसवली होती. पडल्या पडल्या चालवायची. एकदा माझी नात बरोबर आली. तिला मराठी कळतं सगळं, बोलते मात्र हिंदीत. बराच वेळ बघून म्हणाली, "आजोबा, इतनी देर से चला रहे हो, पहुँचे तो कहीं नहीं!"

"अगं, कुठे जायला नको, म्हणूनच चालवतोय!"

ती हसली. मावशी हसल्या नाहीत.

*

सदर बाजारात ऑटोतून उतरताना मास्टरजींचा पाय नुसता मुरगळला, आणि मांडीचं हाड मोडलं. आत स्टीलचा रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, चालणं कठीण आहे.

मास्टरजींनी नेहाला एवढंच सांगितलं, "गाँव में बस-अड्डे से घर तक अपने पैरों जाना है. बीच में हमारा स्कूल पड़ता है."

मग दर वेळी मशीन लागण्याआधी कॉरिडॉर. पहिल्या दिवशी दोन पावलं. नेहाच्या खांद्याला धरून रडले. महिन्याभरात दारापर्यंत. चार महिन्यांनी एका रविवारी मुलाला घेऊन बसनं टहरौलीला गेले, आणि सोमवारी आल्या आल्या काठी वर करून ओरडले, "हओ! हो आए!" त्या दिवशी सिस्टरनंसुद्धा टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच महिन्यात गेले. हृदय थांबलं.

तेराव्याचं आमंत्रण द्यायला मुलगा आला. त्याच्या हातात पांढऱ्या कापडाची पुरचुंडी होती. नेहासमोर टेबलावर त्यानं ती उघडली. आत रॉड. काळा पडलेला, पण सरळ.

"चिता से फूल चुनने गए थे, दीदी. हड्डियाँ तो हाथ लगाते ही चूरा हो गईं. यही पूरा मिला. पंडित जी कहते हैं, नदी में मत डालो. घर में रखते नहीं बनता. क्या करें?"

नेहानं रॉड दोन्ही हातांवर घेतला आणि तशीच उभी राहिली.

मावशींनी पलंगावरूनच विचारलं, "भैया, उस इतवार मास्टरजी रास्ते में कहीं बैठे थे?"

"नहीं, चाची. स्कूल के फाटक पर थोड़ा रुके थे. खड़े-खड़े."

"तो वहीं गाड़ दो," मावशी म्हणाल्या. "खड़ा गाड़ना."