सगुणाआत्यांजवळ कोण होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही आणि प्रार्थनेत देवालाही नाही. त्याला ठाऊक असणारच, असं म्हणून मी तो विषय नेहमी टाळत आले. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. लग्नानंतर डोंबिवलीला आलो, पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला एका चाळीत. मी मराठी शाळेत शिक्षिका, नवरा ठाण्याला एका कारखान्यात. चाळीच्या मागे थोड्या अंतरावर रंगांचे आणि औषधांचे कारखाने होते. वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांना वास यायचा. आम्ही नाक मुरडायचो आणि कपडे आत घ्यायचो, एवढंच. मग भोपाळची बातमी आली. वास तोच, पण त्या हिवाळ्यात तो आला की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

आमची मंडळी — म्हणजे आमच्या चर्चची माणसं — तशी लहानशी. पाळकसाहेब व्यवहारी होते. तहान लागल्यावर विहीर खणू नका, असं ते एका रविवारी म्हणाले आणि तयारी ठरली. घरात ओले करायला टॉवेल, फटींत कोंबायला चिंध्या. जे एकटे राहतात, ज्यांना धावता येत नाही, त्यांना प्रत्येकी एक सोबती नेमून दिला. कारखान्याचा भोंगा वाजला की सोबत्याने त्या घरी जायचं, दार लावायचं, नाकातोंडावर ओला टॉवेल धरायचा आणि जवळ बसून राहायचं. आणि याच्या जोडीला, किंबहुना याच्या आधी, विश्वासाची तयारी. दर शुक्रवारी संध्याकाळी बसून स्तोत्रं पाठ करायची. डोळे चुरचुरत असताना कोण पुस्तक उघडणार? जे आत साठवलेलं असेल तेच त्या वेळी हाताशी येईल.

पाठांतराचं काम माझ्याकडे होतं. मी शिक्षिका ना! मी एकेकाला उभं करून म्हणायला लावायची. विश्वास संकटाच्या दिवशी बाजारातून आणता येत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते मी मोठ्या हौसेने करत होते. आणि खरं सांगू का — मला एक ओळसुद्धा कधी चुकायची नाही.

सगुणाआत्या मला नेमून दिलेल्या होत्या. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, अख्ख्या मंडळीच्याच आत्या. मिशनच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक केला, मग पुतण्याच्या आधाराने इकडे आल्या. पुतण्या परदेशी गेला आणि त्या आमच्या शेजारच्या चाळीत तळमजल्यावर एकट्या राहिल्या. गुडघे गेलेले, नजर अधू. पाठांतरात त्या ढ. दर शुक्रवारी मध्येच अडकायच्या आणि हसायच्या. म्हणायच्या, "अगं, देवाला अर्धं सांगितलं तरी कळतं." मी हसायची नाही. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून रत्नाचं घर. नवरा-बायको आणि दोन मुली, बौद्ध कुटुंब. भिंतीच्या एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला बुद्धाची तसबीर. आमचे आजोबा आणि तिचे आजोबा बहुधा एकाच वस्तीतून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलेले. हे दोन्ही घरांना कळत होतं, पण बोलायचं कोणी नाही. रत्ना आत्यांचं पाणी भरायची. आत्या तिच्या मुलींच्या वेण्या घालायच्या.

एका दुपारी भोंगा वाजला.

मी शाळेतून येऊन नुकती जेवायला बसले होते. वास नेहमीचा नव्हता — घशात काहीतरी ओरबाडल्यासारखं झालं. बाहेर धावपळ, दारं आपटण्याचे आवाज. मी टॉवेल भिजवला. चपला घातल्या. जिना उतरले. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. आत्यांचं दार उजवीकडे, रस्ता डावीकडे. आतून त्यांची हाक आली, "शैला, आलीस का गं?"

मी ती ऐकली. ऐकू आली नाही, असं म्हणायची सोय मला नाही. मी डावीकडे वळले.

मुलासाठी धावले असंही नाही. मुलगा तेव्हा नाशिकला वसतिगृहात होता. स्टेशनचा पूल ओलांडून मी कोपरला नणंदेच्या घरी पोहोचले. तिने चहा केला, तो मी प्यायले. तो ओला टॉवेल अजून माझ्या हातात होता. तिने तो माझ्याकडून घेतला आणि गॅलरीत वाळत घातला. वाटेत स्तोत्र म्हणायचा प्रयत्न केला का? केला. पाठांतर पक्कं होतं, सगळं घडाघडा आठवत होतं. म्हणून पाय थांबले मात्र नाहीत.

पण पळाले, हे कबूल करायला मी बसलेली नाही. तेवढंच असतं तर केव्हाच सांगितलं असतं. जीव वाचवायला माणसं पळतात. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे, आणि मी अजूनही आडवळणाने जाते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

संध्याकाळी परत आले. गळती थांबली होती, वारा खाडीकडे वळला होता. कोणी दगावलं नव्हतं. आत्या खाटेवर पडून होत्या, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. मी आत पाऊल टाकलं तशी त्यांनी चाहुलीवरून ओळखलं आणि दोन्ही हात पसरले. "तू आलीस म्हणून वाचले बघ. हात सोडला नाहीस माझा."

मला काही कळेना. मग पाहिलं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. खिडकीवर ओली साडी, आणि ती साडी आत्यांची नव्हती. खाटेखाली पाण्याचा तांब्या. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात ना, तसं त्या तांब्यावर होतं — सौ. रत्ना.

दुपारी काय झालं ते मी नंतर जुळवलं. आत्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली, खोकल्याने जीव हैराण. जी आली तिच्या तोंडाला पदर. बोलली असेल ती हूं की चूं एवढंच. आत्यांनी हाक मला मारली होती आणि हाकेला कोणीतरी आलं होतं. दुसरं कोण असणार? सोबती तर मी होते. हवा निवळल्यावर रत्ना मुलींना शोधायला शाळेकडे धावली, आणि पट्टी सुटली तेव्हा आत्यांना खोलीत कोणी दिसलं नाही.

तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "पडून राहा आत्या. बोलू नका." आणि तांब्या पदराखाली घेऊन बाहेर आले.

तांब्या रत्नाला नेऊन दिला. आत्यांकडे राहिला होता, म्हणाले. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "बाई, तुम्ही जाताना बघितलं मी," ती म्हणाली. "पळालात त्यात काय नाय. मी पण निघालेलेच. आजी हाका मारत होत्या, म्हणून मागे आले." एवढंच. टोमणा नव्हता त्यात. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष होती. आमच्यात पद्धत आहे, देवाने आपल्यासाठी काही केलं तर मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. आत्या काठी टेकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शैला आली, शैलाने हात धरला, मी अडखळत स्तोत्र म्हणत होते आणि ती हुंकार देत होती." बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. आणि मी गेले. गेले, आणि नुसती मान हलवून परतले नाही, तर तपशील भरले. चिंध्या कशा कोंबल्या, साडी कशी भिजवली. पाहिलेलं होतं ना सगळं!

त्या साक्षीने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कल्याणच्या मंडळीने बोलावलं, मग ठाण्याला वर्तकनगरात एका गृहप्रार्थनेला. विषय एकच, संकटासाठी विश्वासाची तयारी. मी सांगायची, लोक ऐकायचे. माझं ऐकून किती जणांनी पाठांतर सुरू केलं. त्यांचा विश्वास खरोखर वाढला असेल? वाढला असेलही. त्या दुपारी आत्यांचा टिकलाच होता की, अर्ध्या पाठ झालेल्या स्तोत्रावर. माझ्या शिकवण्यात खोट नव्हती. मी लबाड होते.

आता जे टाळत आले ते सांगते.

नाताळचे दिवस. आत्यांच्या ओट्यावर आम्ही करंज्या करत होतो. मंडळीत नव्याने आलेली एक सूनबाईही होती. आत्या तिला तीच हकीकत रंगवून सांगत होत्या. आता तिला शेपूट फुटलं होतं, की सगळी चाळ पळाली, शेजारपाजार पळाला, शेवटी आपलंच माणूस धावून आलं. रत्ना नळावरून बादली घेऊन येत होती. थांबली. हसूनच म्हणाली, "सगळी नाय हां, आजी. मी होते ना. पट्टी मीच बांधलेली तुम्हाला."

आत्यांचा हात थांबला. "तू?"

"मग कोण? माझी साडी नव्हती का खिडकीला?"

आत्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. जिच्या मुलींच्या वेण्या घातल्या, ती आपल्यासमोर खोटं बोलते आहे, असं. "शैला, तू सांग गं हिला. कोण होतं त्या दिवशी?"

माझ्या हातात करंजीची पारी होती, सारण भरलेलं. रत्ना माझ्याकडे पाहत होती. काळजीत वगैरे नव्हती ती. तिला वाटलं होतं की आता मी सांगेन. इतकी साधी गोष्ट, का नाही सांगणार?

"मी होते, आत्या," मी म्हणाले.

आणि पारी दुमडून कडा दाबल्या.

रत्ना बादलीकडे वाकली. "असेल बाई," म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

त्या दिवसानंतर आत्यांनी तिच्या हातचं पाणी बंद केलं. भांडण नाही, आवाज नाही. नाताळाचं ताट त्या वर्षीपासून तिच्या घरी गेलं नाही. मुली वेण्या घालायला आल्या, तेव्हा आत्या म्हणाल्या, बोटं दुखतात. धाकटीला कळेचना, ती फणी घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. चाळीत बभ्रा झाला, की रत्ना दुसऱ्याचं पुण्य आपल्या नावावर लावते. मी सगळं पाहत होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. आत्यांचं पाणी मी भरू लागले. लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

मला रात्ररात्र झोप लागत नसे, असं काही झालं नाही. मी व्यवस्थित झोपायची. लाज वाटायची ती फक्त रत्ना समोरून आली की, म्हणून मी तिची नळावर यायची वेळ टाळायला शिकले. पुढे तिच्या नवऱ्याला कल्याणला खोली मिळाली आणि ती माणसं गेली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खिडकी लावून घेतली. मला हायसं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं होत्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी मरणाची तयारीही नीट केली. कोणाशी काही उरलंसुरलं असेल ते मिटवून जायचं, असं त्यांच्या मनात होतं. पुतण्याला चिठ्ठी लिहवून घेतली. एका जुन्या मैत्रिणीला बोलावून घेतलं. मग एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा म्हणाल्या, "ती रत्ना भेटली कधी, तर सांग तिला. ती खोटं बोलली ते मी मनातून काढून टाकलं. क्षमा केली तिला."

त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचा चमचा भरला.

त्यांना कल्याणच्या दफनभूमीत पुरलं. कोणाकडून कळलं देव जाणे, पण रत्ना आली होती. केस पिकलेले, सोबत थोरली मुलगी. पाळक आता नवीन होते, त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तीच साक्ष दिली. रत्नाने ती शेवटपर्यंत ऐकली. मग रांगेत आली, मूठभर माती टाकली आणि हात जोडले.

फाटकाजवळ तिने मला गाठलं. मुलीला पुढे जायला सांगितलं. मला वाटलं, आता हिशेब होणार. पण तिने एवढंच विचारलं, "बाई, आजींनी शेवटी माझं नाव काढलेलं का कधी?"

मी हो म्हणाले. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"काय म्हणाल्या?"

आणि मी तिला तो निरोप दिला. जसा होता तसा, एक शब्दही न बदलता — की तू खोटं बोललीस त्याची आत्यांनी तुला क्षमा केली आहे.