तवंग कुणाचा

समुद्राच्या पाण्यावर तेलाचा तवंग का येतो, असं कुणी विचारलं की आताशा माझं डोकं फिरतं. मी भिवंडीत मराठी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना कारणं तोंडपाठ आहेत, कारण ती मीच घोटून घेतली आहेत. जहाजं टाक्या धुतात आणि ते पाणी समुद्रात सोडतात. तेलाची पाइपलाइन फुटते. समुद्राच्या तळातल्या भेगांतून तेल आपलं आपणच झिरपतं. माशांच्या थव्यांमुळे, बारीक जीवांमुळेही पाण्यावर तेलकट साय धरते. आणि शहरात वाया गेलेलं तेल गटारातून, नद्यांतून वाहत शेवटी तिथेच जातं. यातली कुठलीही दोन लिहिली की परीक्षेत मार्क मिळतात. माझ्या भावाला मात्र एकच कारण हवं होतं आणि ते खरं हवं होतं. ते शोधताना मी जी हैराण झाले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझं माहेर भिवंडीजवळच्या पूर्णा गावाच्या पुढे, खाडीला लागून. थोरला भाऊ, आमचा दादा, तिथे होडी चालवायचा. ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली समुद्राच्या तोंडापर्यंत जायचा आणि भरतीबरोबर परत यायचा. माझं सासर भिवंडी शहरात, निजामपुऱ्यात, कापडाच्या लूमच्या खडखडाटात. बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, जे मिळेल त्यातलं वहिनी माझ्याकडे पाठवायची आणि त्यातलं थोडं मी शेजारच्या खालांना द्यायचे. खाला कोकणी मुसलमान, मासळीतल्या दर्दी. एक दिवस त्या कालवणाचं पातेलं तसंच भरलेलं घेऊन दारात आल्या.

"टीचर, बुरा मत मानो," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या भावाच्या मासळीला रॉकेलची बास येते. घरात कोणी तोंड लावलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाखून पाहिलं तर खरंच वास होता. तशीच रिक्षा पकडून माहेरी गेले. वहिनी ओसरीवर टोपली उपडी घालून बसलेली. बाजारातही तेच झालं होतं, नेहमीच्या बायका नाकाला पदर लावून पुढे गेल्या होत्या. दादाने जाळं दाखवलं. दोऱ्यादोऱ्याला काळा चिकटा. म्हणाला, वर्ष-दीड वर्ष हे असंच चाललंय, उधाण आलं की खाडीवर तवंग येतो, इंद्रधनुष्यासारखा पसरतो आणि जाळं बुडालं की संपलं.

"कुठनं येतं हे?" मी विचारलं.

"दर्यातनं. भरतीबरोबर येतं म्हंजे दर्यातनंच ना? जहाजवाले सोडतात मेले." गावात ज्याला विचारावं तो हेच सांगत होता.

आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली, जी सांगायची त्याची इच्छा नव्हती. राहनाळच्या एका गोदामाचा कंत्राटदार त्याला गेटवर ड्युटी देत होता. बारा तास खुर्चीवर बसायचं आणि ट्रकचे नंबर बघायचे. "बाय, तू शिकलेली हायेस," दादा म्हणाला. "एवढं शोधून काढ, हे तेल कुठनं येतं ते. थांबवता येत असलं तर मी होडी ठेवतो. न्हायतर विकतो, मना रोज रोज फुकट मरायला जमनार न्हाय."

वडील गेल्यापासून हा माणूस खाडीवर आहे. त्याला खुर्चीत बसलेलं मी लग्नात सुद्धा पाहिलेलं नाही. मी म्हटलं, विकू नकोस, मी बघते.

बघते म्हणणं सोपं असतं. पहिल्या ऑफिसात सांगितलं, मॅडम, खाडी आमच्याकडे आहे, पण तुमचं तेल समुद्रातून येतंय ना, मग समुद्रवाल्यांकडे जा. समुद्रवाले म्हणाले, आमचं काम किनाऱ्यापासून बाहेर, आत खाडीत आलं की ते आमचं नाही. मी विचारलं, मग जिथे समुद्र संपतो आणि खाडी सुरू होते तिथे कोण बसतं? साहेबांनी चहा मागवला. तिसऱ्या ठिकाणी तर एका तरुण मुलाने मला समजावून सांगितलं की तेल समुद्राच्या तळातूनही नैसर्गिकरीत्या येऊ शकतं. अरे बाबा, हे मी तुझ्या वयाच्या मुलांना शिकवलंय, म्हटलं. एकदा ऑफिसातून माणसं आली, तीही नेमकी ओहोटीला. खाडीत नुसता चिखल. ती चिखलाचे फोटो काढून गेली. मी संतापाने रडले, खोटं कशाला सांगू.

शाळेत मुख्याध्यापक म्हणायचे, बाई, सोडून द्या. घरी नवरा म्हणायचा, सोडून दे. सगळ्यांना मी सोडून द्यायला हवं होतं.

शेवटी ठरवलं, आपणच बघायचं. शाळेला सुट्टी होती आणि उधाणाचे दिवस होते. सकाळीच बंदरावर जाऊन बसले. बंदर म्हणजे आमच्या गावचा उतार, जिथे होड्या लागतात. ओहोटी संपत आलेली, पाणी अजून खाली. आधी वरच्या अंगाला चालत गेले, शहराकडून नाले येतात तिथपर्यंत. माझा पहिला संशय आमच्याच निजामपुऱ्यावर होता, लूमला तेल लागतंच. तिथलं पाणी काळं होतं, घाण होतं, नाक धरावं लागत होतं, पण तवंग नव्हता. मग खालच्या अंगाला गेले, समुद्राकडे. भरती चढायला लागली होती. पाणी गढूळ पण स्वच्छ, म्हणजे तेल नाही. एका ठिकाणी कडेला चमकती साय दिसली. काडीने ढवळून पाहिली तर काचेसारखे तुकडे होऊन ती फुटली. ती कुजलेल्या पाल्यावरची साय, तेल असं फुटत नाही, ते पुन्हा एक होतं. एवढं तरी माझ्या शिकण्याचं चीज झालं.

भरती गावाकडे चढत होती आणि तिच्यात तेलाचा थेंब नव्हता. मग दर्यातून येतंय ते कुठे आहे? मी परत बंदरावर आले. पाणी उतारावर चढून वरच्या होड्यांपाशी पोचलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर, पहिल्या होडीच्या बुडाला पाणी लागताक्षणी, निळ्या-जांभळ्या रेघा सुटल्या. मग दुसरीच्या. मग रांगेतल्या सगळ्यांच्या. बघता बघता त्या एक झाल्या आणि खाडीभर पसरल्या. काडी घालून ढवळलं तर तवंग फुटला नाही. गोल फिरून पुन्हा जुळला.

आमच्याकडे होडीची डागडुजी उधाणावर चालते. एका उधाणाच्या भरतीला होडी उतारावर अगदी वर चढवायची, पाणी उतरलं की बुडाला चिकटलेली शिंपली खरवडायची, लाकडाला तेल चोपडायचं आणि पुढच्या उधाणाला पाण्यात लोटायची. माझ्या वडिलांच्या वेळी मुशी माशाच्या काळजाचं तेल लावायचे. वास असा की दोन दिवस जेवण जायचं नाही, पण ते लाकडात मुरायचं, सुकायचं. आता ते करत कोण बसणार? पूर्णाला गोदामं झाली, गोदामांमागून ट्रक आले, ट्रकांमागून गॅरेजं आली, आणि गॅरेजवाले इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फुकट द्यायला लागले. ड्रमच्या ड्रम. अख्खं गाव तेच चोपडत होतं, सढळ हाताने. ते मेलं कधी सुकतच नाही. वर उरलेलं तिथेच उतारावर ओतून द्यायचे.

म्हणजे जहाज नाही, पाइपलाइन नाही, समुद्राचा तळ नाही. आम्ही. भरती फक्त ते उचलून आमच्याच जाळ्यात घालत होती. मी तिथे दगडावर बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढी ऑफिसं झिजवली ती कशासाठी, तर आमच्या आळीतल्या ब्रशासाठी.

दादाला बोलावून दाखवलं. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि वाकून बघायला लागला. त्याच्या स्वतःच्या होडीच्या बुडातूनही रेघ सुटत होती.

"मी पन लावतो," तो म्हणाला.

"मग लावू नकोस. सगळ्यांना सांग, लावू नका. झालं की, थांबलं. होडी राहिली तुझी." मला इतकं हलकं वाटलं होतं की काय सांगू. इतके दिवस ज्याचा शोध चालला होता, ते थांबवायला ना मंत्री लागणार होता ना साहेब. दादाने मान हलवली. मी ते होकारार्थी धरलं.

दादाच्या नावाने मी केलेल्या जुन्या अर्जांना नेमकी तेव्हाच पालवी फुटली. पुढच्या उधाणाला एक साहेब आले, या वेळी बरोबर भरतीला. सगळं गाव बंदरावर जमलेलं. तवंग समोर चकाकत होता. मी साहेबांना होड्यांची बुडं दाखवली, ऑइलचे ड्रम दाखवले, काडी घालून दाखवलं. माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणाच्या घराला काडी लावत होते. एक म्हातारे म्हणाले, आमच्या होड्यांवर केस घालाल काय आता? साहेब दादाकडे वळले. ते म्हणाले, तक्रार तुमच्या नावाने आहे, तुम्ही सांगा, तेल कुठून येतं?

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दर्यातनं, साहेब. जहाजांचं हाय," तो म्हणाला. "ही माजी भैन, शाळेत शिकवते. तिला खाडीतलं न्हाय कळत."

साहेबांना तेच हवं होतं. जहाज म्हटलं की काम दुसऱ्या ऑफिसचं. ते गेले. माणसं पांगली, जाताना दोघातिघांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी त्याला घरी जाऊन धरला. वहिनी चुलीपुढून उठून बाहेर गेली.

"तुला खोटं बोलायला लाज नाही वाटली? माझ्यासमोर? तुझ्यासाठी मी उंबरे झिजवले, दादा. तुझीच होडी जाणार आहे, त्यांची नाही."

"त्यांची पन जाईल. हलूहलू."

"मग बोलला का नाहीस?"

तो जमिनीकडे बघत होता. "जहाजाचं म्हटलं तर कुनाला लागत न्हाय, बाय. तू म्हनतेस ते सांगितलं तर उद्या साहेब लोक होड्या अडवतील आनि गाव म्हनेल, यानं अडवल्या. मी मेलो तर खांदा द्यायला जहाजावरली मानसं येनार हायत काय?"

  मी चप्पल घातली आणि निघून आले. पुढे दोनदा भांडायला गेले, एकदा फोनवर भांडले. एकटा तरी ऑइल लावणं बंद कर म्हटलं, तर त्याने बंद केलंही होतं. एका होडीने काय फरक पडतो?

त्याने होडी शेजाऱ्यालाच विकली. आता राहनाळला गेटवर असतो, निळा शर्ट घालून. फोन केला की म्हणतो, बरं हाय, सावली हाय, पंखा हाय. वहिनीला मात्र सवय मोडत नाही, घरात मासळी लागतेच, म्हणून ती पहिल्यांदाच बाजारातून विकत घेऊन आली. तिने कालवण केलं, ताट वाढलं. दादाने ताटाकडे पाहिलं, विचारलं कुठनं आणलीस, ती म्हणाली बाजारातनं, इकत, आणि तो न जेवता उठून गेला.